उपवास आणि उपासमार

2009 सालची आषाढी एकादशी माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मैदानावर उन्हाळ्यासारखे ऊन होते. नववीच्या रांगेतला एक मुलगा उभ्या उभ्या खाली बसला आणि आडवा झाला. आम्ही त्याला उचलून स्टाफरूममधल्या बाकावर निजवले, तोंडावर पाणी मारले. त्याने डोळे उघडले तेव्हा मी, दिवस एकादशीचा म्हणून, सहज विचारले, "उपवास आहे का रे?"

तो म्हणाला, "नाही जी सर. घरी काही नव्हतं."

मी त्या दिवशी उपवासाला होतो. म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली होती, वर दोन केळी आणि कपभर दूध. उपवास माझा होता आणि पोट त्याचे रिकामे होते. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. त्या दिवशी ती मला माझ्यासाठीच केलेली वाटली.

आमचे गणिताचे शिक्षक त्या वेळी तिथे होते. ते ख्रिस्ती. फार न बोलणारा माणूस. त्यांनी शिपायाकडून दूध-बिस्किटे मागवली आणि नंतर मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, "सर, हा मागच्या वर्षी मिडल स्कूलमध्ये होता. तिथे दुपारचं जेवण मिळत होतं." माध्यान्ह भोजन आठवीपर्यंत असते. पोरगा नववीत गेला, की सरकारी हिशेबाप्रमाणे त्याला भूक लागत नाही. मी इतकी वर्षे शिक्षक होतो, आणि ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत याच गणिताच्या सरांनी स्टाफरूममधला चहा सोडला. आमच्याकडे चहा सोडणे म्हणजे जवळजवळ संन्यास. थट्टा झाली, मीही केली. कळले ते असे, की त्यांचा उपवासकाळ सुरू झाला होता. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंतचा हा काळ. मोजायला गेलो तर दिवस शेहेचाळीस भरतात, पण रविवार हा आनंदाचा दिवस म्हणून धरीत नाहीत. सहा रविवार वजा केले की चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. सरांच्या कपाटात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. न घेतलेल्या प्रत्येक चहाचे पैसे ते त्यात टाकीत. मी विचारले, "याचं काय करणार?" ते म्हणाले, "हे माझे नाहीतच ना आता."

या उत्तराने मला थांबवले. आपल्या उपवासात वाचलेले धान्य कोणाचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खरे तर वाचलेच काय होते? शेंगदाणे आणि साबुदाणा भाकरीपेक्षा महागच पडतो.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या मंडळीच्या प्रार्थनेला गेलो. आपल्या पांढुर्णा-सौसर भागात ख्रिस्ती घरे मोजकी. छिंदवाड्याला स्वीडनच्या लुथरन मिशनचे जुने ठाणे आहे, नागपूरला तर 1845 पासून स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप होते, मध्ये आपण. तीस-चाळीस माणसे सतरंजीवर बसली होती. गीते हिंदीत, उपदेश हिंदीत, आणि मागे भिंतीला टेकलेल्या दोन म्हाताऱ्या मात्र पुटपुटत होत्या त्या मराठीत. हे दृश्य आपल्या घराघरातले आहे. सरकारदरबारी एक भाषा आणि देवापाशी दुसरी. संत्र्याच्या मृगबहाराची तोडणी चालू होती, त्यामुळे काहींच्या हाताला सालीचा वास होता.

त्या दिवशी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अठ्ठावन्नावा अध्याय वाचला गेला. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी तोच वाचायचा, असा कॅथलिक उपासनेचा क्रम आहे. लोक देवाकडे तक्रार करतात, की आम्ही उपवास करतो आणि तू बघत नाहीस. देवाचे उत्तर असे, की उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ साधता, मजुरांकडून काम करून घेता, भांडता, मुठी उगारता. मला हवा असलेला उपवास निराळा : जू मोडा, भुकेल्याला तुमच्या भाकरीतली भाकरी द्या, बेघराला घरात घ्या. हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे लिखाण आहे, यावर माझा क्षणभर विश्वास बसला नाही. मला ते आमच्या प्रार्थनेच्या मैदानावर उभे राहून कोणी बोलल्यासारखे वाटले.

एक विसंगती मला तिथेच जाणवली, आणि परत येताना मी ती सरांना बोलूनही दाखवली. राखेच्या बुधवारी मागल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. आपण धुळवडीला होळीची राख लावतो, त्याच फाल्गुनाच्या आसपास, म्हणून मला ती परकी वाटली नाही. पण त्याच बुधवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो, की उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. मग कपाळावरच्या राखेचे काय? सर हसले. म्हणाले, "म्हणून तर आम्ही घरी जाऊन पुसतो."

विधी त्याचा अर्थ हरवल्यावरही चालू राहतो, हे पांढुर्ण्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून होणारी गोटमार दरवर्षी माणसे जखमी करते, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी हातात आला तो दगडच. उपवास तर निरुपद्रवी विधी आहे, तो का बंद पडेल? तो चालूच राहतो, आणि आतून रिकामा होत जातो.

उपवास हा शब्द आपल्याला फार काही सांगतो. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे, असा अर्थ कीर्तनकार सांगतात. पण देव नेमका कुठे बसलेला असतो? एकनाथांच्या कथेत काशीहून आणलेली गंगा रामेश्वराला घालायची होती, आणि वाटेत तहानलेले गाढव तडफडत होते. नाथांनी कावडीतले पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. म्हणजे व्रत मोडले. आपण लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो, मुलांना सांगतो, परीक्षेत तिच्यावर प्रश्नही घालतो, आणि आपली कावड मात्र सांभाळून रामेश्वराकडे नेत राहतो. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपवास केला तो विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून. तो उपवास स्वतःच्या पुण्यासाठी नव्हता. त्याचे तोंड दाराबाहेर ठेवलेल्यांकडे होते.

या प्रश्नाचा सर्वांत कठोर विचार मराठीत कोणी केला असेल तर पंडिता रमाबाईंनी. आणि तो पुस्तकातून नव्हे, पोटातून. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ होता. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत होते. जवळचे होते ते देवाला, दानाला, अनुष्ठानांना गेले. विद्वान घराणे, भीक मागायची नाही, मजुरी करायची नाही. शेवटी झाडपाला आणि रानातल्या खजुरांवर दिवस काढले. वडील गेले, मागून आई गेली, बहीण गेली. ज्या घराने आयुष्यभर उपवास केले, त्या घराला उपासमारीने गाठले. रमाबाईंनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची कारणे अनेक होती आणि त्यावर आजही वाद होतात. त्या वादात मला जायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की त्या बाईंना भूक कायमची कळली.

1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्यप्रांतात आल्या. इथल्या अन्नछत्रांतले, मदत-छावण्यांतले हाल त्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे मुली बरोबर नेल्या. पुणे जिल्ह्यातले केडगाव हे गाव त्यातून मुक्ती मिशनचे झाले. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणले, छापखाना आला. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दीड हजारांवर गेली.

ख्रिस्ती इतिहासात मुक्तीचे नाव घेतात ते मात्र 1905 साठी. वेल्समध्ये 1904 साली नवजागृतीची मोठी लाट आली होती. तिच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी जानेवारी 1905 मध्ये प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस तिथे जे घडले, ते रडणे, मोठमोठ्याने पापांची कबुली देणे, रात्र रात्र प्रार्थना, त्यावर त्या काळीही टीका झाली. मला स्वतःला आरडाओरडीची भक्ती मानवत नाही, आमच्याकडे अंगात येतात तीही नाही. पण त्या साडेपाचशेपैकी कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, हे ध्यानात घेतले की माझी नापसंती गप्प होते. मुक्तीत आधी चूल पेटली आणि मग, आठ-नऊ वर्षांनी, प्रार्थना पेटली. नवजागृतीचे वर्णन करणारे लोक जून 1905 पासून सुरुवात करतात. मी असतो तर त्या चुलीपासून केली असती. आणि नंतरही त्या मुली नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या.

मत्तयाच्याच शुभवर्तमानात एक चमत्कारिक दाखला आहे. एका घरातून भूत निघून जाते. परत येऊन बघते तो घर झाडलेले, सजवलेले आणि रिकामे. मग ते आपल्याहून वाईट सात भुते घेऊन येऊन राहते. उपवासाची खरी अडचण हीच असावी. चहा सोडला, मांस सोडले, कांदा-लसूण सोडला. घर झाडून झाले. पण रिकाम्या जागेत काय येऊन बसते? बहुतेक वेळा अहंकार : मी सोडला, तू नाही सोडलास. चातुर्मासात आपल्या घरातल्या बायकांची एकमेकींशी चालणारी मोजणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे पटेल. (पुरुषांची मोजणीही असते, ती जरा मोठ्या आवाजात.)

फादर स्टीफन्सच्या मनात हीच रिकामी जागा असावी. 1579 मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतलेली होती, आणि त्यांच्यापैकी एकाने विचारले, की आमची पुराणे बंद केलीत तर आम्हाला दुसरे काहीतरी द्या. हा प्रसंग त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. उत्तर म्हणून 1616 मध्ये मराठी ओवीतले क्रिस्तपुराण छापून आले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. काढून घेणारे पुष्कळ असतात. जागा भरण्याचा विचार करणारा एखादाच.

जागा कशाने भरायची याचे साधे उत्तर मिझोरमच्या ख्रिस्ती बायकांनी दिले आहे. 1910 पासून त्या रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते मंडळीच्या कामाला जातात. विनोबांचे सर्वोदय-पात्र याच जातीचे. त्यात मूठ लहान मुलाच्या हाताने घालायची.

आमच्या सरांच्या मंडळीत त्या वर्षी उपवासकाळात शुक्रवारचे रात्रीचे जेवण वगळून त्याचे धान्य एका पिंपात जमा करायचे ठरले. त्या मंडळीत दोन भाऊ होते, बांधावरून कोर्टात गेलेले, प्रार्थनेलाही दोन टोकांना बसणारे. यशयाच्या मुठी कोणाच्या, ते सगळ्यांना माहीत होते. त्यांचा समेट झाला असे मी लिहिले असते तर लेख बरा दिसला असता. तो झाला नाही. पण दोघांच्याही घरचे धान्य त्या एकाच पिंपात पडले, आणि ते पोचवायला दोघांच्या बायका एका सायकलरिक्षात बसून गेल्या. कोणाकडे गेल्या, ते सरांनी मला सांगितले नाही. नवजीवन म्हणतात ते इतके लहान असू शकते काय, याचा मी अजून विचार करतो.

तो नववीचा मुलगा मात्र तोवर शाळेत नव्हता. दिवाळीनंतर तो आंबिया बहाराच्या तोडणीवर गेला आणि परत आला नाही. मी दोनदा घरी जाऊन आलो. दुसऱ्या वेळी दाराला कुलूप होते.

सर निवृत्त झाले तेव्हा तो बिस्किटांचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. आता तो नववीच्या कपाटात असतो. फुटाणे, गूळ, कधी पोहे. भुकेल्या पोराने सगळ्यांसमोर हात पुढे करायचा म्हणजे उपासमारीपेक्षा वाईट, हे आमच्या पहिल्याच महिन्यात ध्यानात आले. डबा भरलेला राही आणि कोणी घेत नसे. म्हणून आता कपाटाला कुलूप नाही, वही नाही, आणि मधल्या सुट्टीत त्या वर्गाकडे शिक्षकांनी फिरकायचे नाही. डबा शनिवारी रिकामा असतो. कोण खातो, मी विचारत नाही. एकादशीच्या आठवड्यात तो गुरुवारीच संपतो, तेव्हा मी घरून आणखी आणतो.