बघायला गेला होतात की दिसायला?

बसा. मोबाइल पिशवीत. मागच्या बाकावरचेसुद्धा.

मुंबईच्या सहलीचे तुमचे अहवाल वाचले. ‘प्रदर्शन अतिशय प्रेरणादायी होते’ हे वाक्य झाडून सगळ्यांनी लिहिलंय, आणि ‘प्रेरणादायी’तल्या ऱ्हस्व-दीर्घाची चूकही सगळ्यांची एकच आहे. म्हणजे लेखक एक, बाकीचे नुसते कारकून. एका महाभागाने तर शोध लावलाय की, जहांगीर बादशहाला चित्रांची आवड होती म्हणून त्याच्या नावाने गॅलरी निघाली. बादशहाला आवड होती हे खरं. पण काळा घोडा भागातली ती गॅलरी १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. तिथे पोचायला अकबराच्या घराण्यात कशाला शिरायला हवं होतं?

काळ्या घोड्याचंही तेच. त्याच्यापाशी उभं राहून सगळ्यांनी तोंडं वेडावत फोटो काढले. ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोडा १९६५ सालीच तिथून हलवलाय. तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. तुमच्या फोटोतला बिनस्वाराचा घोडा २०१७ सालचा. खरा घोडा तुम्हाला दिसला असता, कारण त्याच बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आपल्या यादीत होतं. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. इथल्या लोकांचे पोशाख आणि व्यवसाय दाखवणारे मातीचे छोटे पुतळे आहेत तिथे. पागोट्याचा पीळ, लुगड्याचा काचा चार बोटांच्या मातीत कसा बसवलाय, हे बघायचं होतं. निम्मी मंडळी कुलाबा कॉजवेवर चपला घ्यायला पळाली. चपला छान आहेत. त्यांचाही अहवाल लिहा.

आता अभिप्रायाच्या वहीबद्दल. जहांगीरमध्ये दालन मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत थांबतो. मिळतं ते जेमतेम आठवड्यासाठी, तेही भाडं भरून. टेम्पो करून कॅनव्हास आणतो, फ्रेमवाल्याचे पैसे चुकवतो आणि मग दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहतो. तुम्ही आलात, भिंतीकडे पाठ करून चित्रासकट स्वतःला टिपलंत, आणि साठीच्या त्या माणसाच्या वहीत लिहून आलात, ‘नाइस वर्क, कीप इट अप’. वीस वर्षांचं पोर! अजून धड पर्स्पेक्टिव्ह जमत नाही, आणि पाठ कुणाची थोपटतंय? माणूस समोर बसला होता. हा रंग सुरीने लावला की ब्रशने, खालचा थर वाळू दिला होता का, एवढं विचारलं असतंत तर त्याने अर्धा तास सांगितलं असतं. एकानेही तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं ते हस्तकलेच्या प्रदर्शनात, भाव पाडायला.

येवल्याच्या त्या विणकराने पैठणीचा पदर तुमच्यासमोर पसरला होता. त्यातल्या मोराकडे बघितलंत? पिसाऱ्यातल्या प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याला वेगळी कांडी असते. जिथे रंग बदलतो, तिथे तो धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून हाताने माघारी फिरवायचा. ओळीमागून ओळ असंच. म्हणून पदर उलटा केला तरी मागून धागे लोंबत नाहीत. मोर जसा पुढून तसाच मागून. तो माणूस पदर उलटा करून दाखवत होता आणि तुमच्यातली एक विचारते, ‘हेच प्रिंटमध्ये स्वस्त पडेल ना?’ भरजरी पदर मागावर महिनोन्‌महिने असतो, बाई. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची मला लाज वाटली. आणि तिथून निघून कोल्ड कॉफीचं बिल मात्र तुम्ही न बोलता भरलंत.

वर कुणीतरी अहवालात ठणकावलंय, ‘विणकाम ही कला नसून केवळ हस्तकला आहे.’ केवळ! प्रभाकर बरवे हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलंय ना? जेजेतून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. १९६१ साली बनारसला, पुढे मुंबईला. हातमागाच्या कापडासाठी नमुने करणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्या चित्रांतली सपाट पसरलेली मोकळी जागा आणि त्यात नेमकी बेतून ठेवलेली एखादी वस्तू बघताना मला तरी ती वर्षं विसरता येत नाहीत. कुणाला पटत नसेल तर वाद घाला, मला आनंदच होईल. पण त्याआधी त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचा. आपल्या ग्रंथालयात आहे. कपाटात धूळ खात पडलंय, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मोबाइल वाईट असं मी म्हणत नाही. मीही फोटो काढतो. पण चित्रासमोर उभं राहिलं की आधी डोळे, मग पेन्सिल, आणि त्यातूनही काही उरलं तर कॅमेरा. तुमच्याकडे फोटोंचा ढीग आहे आणि स्केच एकाचंही नाही. कालच मी विचारलं, त्या मोराच्या मानेचा रंग कोणता होता? वर्ग चिडीचूप. मग एकाने खिशातून फोन काढला.

हे अहवाल परत घेऊन जा, मी एकालाही गुण दिलेले नाहीत. येत्या रविवारी पुन्हा जायचं, स्वतःच्या खर्चाने, आणि टोळीने नाही, एकेकट्याने. जहांगीरला तिकीट नसतं, तेव्हा ती सबब चालणार नाही. एकच काम निवडा, चित्र असो, भांडं असो, कापड असो. त्याच्यासमोर अर्धा तास बसा आणि स्केचबुकात उतरवा. करणारा माणूस भेटला तर त्याला निदान एक तरी धड प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच पानावर लिहा. सोमवारी पहिल्या तासाला स्केचबुक माझ्या टेबलावर हवं. ते बघितल्याशिवाय सबमिशनवर माझी सही मिळणार नाही.