बंद करण्याची रीत

आमच्या बीडकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांकडून एक गोष्ट सुरुवातीलाच घोटून घेतात: आधी सेव्ह, मग शटडाऊन, स्क्रीन काळी झाली की मगच भिंतीवरचं बटण. स्लीपबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला त्यात शहाणपण दिसतं.

साध्या स्लीपमध्ये स्क्रीन विझते, पंखा आणि डिस्क थांबतात, पण चालू काम रॅममध्ये राहतं. रॅमला वीज आहे तोवरच आठवतं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज अर्धा भरून ऑपरेटर जेवायला उठला आणि लाईट गेली, की अर्ज गेला. दारात ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा दिवसही गेला. वीज अखंड राहील असं धरून चालणाऱ्यांची ही सोय आहे.

वीज तर आमच्याच जिल्ह्यात तयार होते, परळीला. आणि 2015 साली पाणीच नसल्यामुळे परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. तिथलं बंद करणंही सोपं नसतं. वाफ तोडली तरी तापलेला टर्बाइन एकदम थांबवत नाहीत. निवेपर्यंत तो कित्येक तास संथ फिरवत ठेवतात, नाहीतर त्याचा अवजड दांडा वाकतो. थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला बाहेरून वीज घ्यावी लागते, तेल जाळून बॉयलर तापवावा लागतो. एवढ्या खटाटोपातून आलेली वीज कचेरीतले संगणक शुक्रवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत नुसते निजून खातात, याचं मला वाईट वाटतं. एका संगणकाला स्लीपमध्ये तीन वॅट लागतात असं धरलं, आणि तो वर्षभर तसाच निजून राहिला, तरी सव्वीस युनिट होतात. एकट्याचं बिल किरकोळ, पण अशी यंत्रं घरोघरी आहेत. म्हणून तर युरोपीय संघाने 2013 पासून स्टँडबायमधल्या बहुतेक घरगुती उपकरणांवर अर्ध्या वॅटची मर्यादा घातली.

मग दर वेळी सगळं बंदच करायचं का? नाही. हायबरनेट चालू काम डिस्कवर उतरवून ठेवतं. मग लाईट जावो, कुणी प्लग काढो, काम शाबूत राहतं. उठायला स्लीपपेक्षा थोडा वेळ लागतो, इतकंच. पण विंडोजच्या मेनूत हा पर्याय बहुधा दिसतच नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात शटडाऊनच्या जोडीने हेही पहिल्याच तासाला शिकवायला हवं.