आत्मपर गीतातील 'मी' आणि दोषाचा प्रश्न

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असा गजर होतो. या गजरात नाव एकट्या दैवताचे असते. गुलालाने माखलेला भाविक घरातील कोणत्या कलहामुळे डोंगर चढून आला, त्याचे गाऱ्हाणे कोणाविरुद्ध आहे, हे कोणी विचारीत नाही. दुःख समूहात मिसळते. दुःख देणारा अनुच्चारित राहतो. आत्मपर गीताच्या नैतिकतेचा विचार करताना हा विशेष ध्यानात घ्यावा लागतो.

'ब्रॉन्स्की बीट' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे 'स्मॉलटाउन बॉय' (१९८४) हे गीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गायक जिमी सॉमरव्हिल मूळचा ग्लासगोचा, तेथून लंडनला आलेला. समलिंगी असल्यामुळे गावाने आणि घराने नाकारलेला मुलगा एकटाच घर सोडतो, एवढेच गीताचे अनुभवद्रव्य. सिंथेसायझरच्या नाचत्या ठेक्यावर ते उंच, आर्त स्वरात गायिले जाते. मुलाला नाव नाही, गावालाही नाही. त्यामुळे श्रोता त्या 'मी'च्या जागी स्वतः उभा राहू शकतो.

गद्य आत्मकथनाला ही मुभा नसते. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) शिक्षणाला विरोध करणारे वडील उभे करते. परंतु तिचा विस्तारच असा आहे की, शेतात राबणाऱ्या हातांची निकड आणि दारिद्र्य यांचेही दर्शन घडते. वडिलांची कठोरता त्याने क्षम्य ठरत नाही. मात्र ती समजू शकते. चार-पाच मिनिटांच्या गीताला प्रतिपक्षाची बाजू मांडणे शक्य नाही. अशा वेळी नाव न घेणे हाच गीताचा न्याय होय, असे म्हणता येईल.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. नाव गाळल्याने अन्याय करणाराच सुटत नाही काय? दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) जात आणि वस्ती यांचा स्पष्ट उच्चार केला, कारण तेथे मौन हे व्यवस्थेच्याच सोयीचे ठरले असते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र 'स्मॉलटाउन बॉय' ज्या 'द एज ऑफ कन्सेंट' या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट आहे, तिच्या वेष्टनावर युरोपातील विविध देशांत समलिंगी संबंधांसाठी कायद्याने ठरविलेली संमतिवये छापली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा ही मर्यादा पुरुषांसाठी २१ वर्षे होती. भिन्नलिंगी संबंधांसाठी मात्र १६. म्हणजे गीताने आईबापांना आरोपी केले नाही. मुद्रिकेने कायद्याला केले.

हा विवेक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना उत्तर देण्याची संधी नाही, त्या घरातील माणसांविषयी गीताने संयम पाळावा. ज्या व्यवस्थेने त्या घरालाही भयभीत केले, तिच्याविषयी तो पाळण्याचे कारण नाही. दुःखाचा उच्चार प्रामाणिक आहे की नाही, एवढ्यावर आत्मपर गीताचे मूल्यमापन थांबू नये. ते दोष कोठे ठेवते, हेही समीक्षेने पाहिले पाहिजे.