धोंडूचे नाव

अलीकडे सुशिक्षित घरांतून कुत्र्यामांजरांस जुन्या वळणाची माणसांची नावे ठेवण्याची हौस वाढलेली दिसते. मोती, वाघ्या, टॉमी ही नावे मागे पडून पिलाला कोणी 'धोंडू' म्हणतो, तर मांजरीला कोणी 'गोदाक्का'. यात वाईट ते काय, असे वाचक विचारतील. प्रश्न क्षुल्लक दिसला तरी तो विचार करण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

माणसाचे नाव जनावरास दिल्याने विटाळते, हा पक्ष आम्ही मुळीच स्वीकारीत नाही. आपल्याकडे गाईला गंगा-यमुना म्हणतात, पोपटाला राघू म्हणतात; त्यायोगे कोणा गंगाबाईंचा वा रघुनाथरावांचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. 'टॉमी' हेही मूळचे टॉमस या नावाचे लाडके रूपच. तेव्हा दोष नावात नाही, जनावरात तर नाहीच नाही. असलाच तर तो नाव ठेवणाराच्या हेतूत शोधला पाहिजे.

आता 'धोंडू' हेच नाव घ्या. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या अर्भकास धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी मुद्दाम हलकी नावे ठेवीत. हेतू हा की, अशा टाकाऊ वस्तूवर मृत्यूची नजर पडू नये. म्हणजे आज ज्या नावास आपण हसतो, तो एका भयभीत आईने काळापुढे पसरलेला पदर होय. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन करणारे महर्षी कर्वे (१८५८–१९६२) यांचे नावही धोंडोच. त्याने त्यांच्या कार्यास कोठे उणेपण आले नाही.

शिवाय ही नावे आपल्या बैठकीतून गेली म्हणून जगातून गेलेली नाहीत. खेड्यापाड्यांत धोंडू आणि दगडू अजून आहेत. कधी ते आपल्याच दारी भाजीची पाटी घेऊन येतात. ज्यास आपण 'जुने' म्हणतो, ते पुष्कळदा केवळ गरिबाचे असते.

म्हणून आमच्या मते कसोटी एकच. त्या नावाचा माणूस दारात उभा असता त्याच नावाने आपण कुत्र्यास मोकळेपणी हाक मारू शकू काय? आजीची आठवण म्हणून मांजरीस प्रेमाने 'गोदाक्का' म्हणणाराची जीभ अडखळणार नाही. ज्याची अडखळेल, त्याने ओळखावे की, आपण लाड कुत्र्याचे करीत आहोत आणि थट्टा मात्र माणसाची.