उंटावरून धर्मचर्चा

एकाच राज्यात, एकाच उच्च न्यायालयापुढे, पाच महिन्यांच्या आत एकच प्रश्न दोन वेगळ्या धर्मांच्या दारात उभा राहावा, असा योग क्वचितच येतो. 2016 साली तो आला. शनिशिंगणापूरला शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना असलेल्या मज्जावाच्या वादात 1 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, जिथे पुरुषाला जाता येतं तिथे स्त्रीला कायद्याने अडवता येणार नाही. 26 ऑगस्टला त्याच न्यायालयाने हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्यास स्त्रियांना केलेली मनाई रद्द केली. फोनवर धर्माचा निवाडा करणाऱ्यांची खरी पारख या दोन तारखांच्या मध्ये झाली. एप्रिलमध्ये ‘परंपरेत न्यायालयाने ढवळाढवळ करू नये’ म्हणणारे कित्येक जण ऑगस्टमध्ये समतेचे कैवारी झाले. आणि एप्रिलमध्ये समतेसाठी कंठशोष करणाऱ्यांतल्या काहींना ऑगस्टमध्ये एकाएकी ‘हा त्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे’ हे सुचलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जुनी रीत. घरबसल्या मत देण्यात मला काही गैर वाटत नाही. लोकशाहीत बहुतेक मतं घरी बसूनच तयार होतात. ढोंग आहे ते उंबरठा बदलला की माप बदलण्यात.

आणि हे माप बदलता येतं, कारण खरा वाद कसा चालला आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. शिंगणापूरचंच पाहा. न्यायालयाने कुठली नवी क्रांती केली नव्हती. हिंदू सार्वजनिक पूजास्थळांत प्रवेशाचा हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा 1956 सालचा आहे आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यातच आहे. म्हणजे ‘परंपरा की घटना’ म्हणून जो वाद घातला गेला, त्याचं उत्तर विधिमंडळाने साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं. पुढचं तर अधिक बोलकं आहे. स्त्रियांना चौथऱ्यावर चढू द्यायला लागू नये म्हणून देवस्थानाने बंदी पुरुषांनाही लागू केली. समताही साधली आणि स्त्रियाही वर आल्या नाहीत! ती बंदी मोडली गावातल्या पुरुषांनी. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिळेला पाण्याने स्नान घालण्याच्या रिवाजासाठी ते चौथऱ्यावर चढले, आणि मग विश्वस्तांनी तो सगळ्यांनाच खुला केला. परंपरा पाळण्याच्या हट्टातूनच परंपरा बदलली. हाजी अलीतही मनाई काही अनादि काळापासूनची नव्हती. 2012 च्या सुमारापर्यंत स्त्रिया आत जात होत्या, आणि अचानक जाता येईना म्हणून दर्ग्यात जाणाऱ्या मुसलमान स्त्रियांनीच याचिका केली होती. यातली एक गोष्ट जरी ठाऊक असती, तरी दोन्हीकडच्या शंभरातल्या नव्वद प्रतिक्रिया लिहिताना हात अडखळला असता.

यावर पहिला आक्षेप असा येईल: मग ज्याची श्रद्धा आहे त्यानेच बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं, असं म्हणायचं आहे का? या भूमिकेला वजनदार आधार आहे. सप्टेंबर 2018 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला, तेव्हा वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचा एक मुद्दा हाच होता की, याचिका करणारे त्या देवाचे भक्त नाहीत. तरीही मला हा निकष मान्य नाही. तो लावला तर डॉ. आंबेडकरांनाही काळाराम मंदिरापुढून परत पाठवावं लागेल. 2 मार्च 1930 ला नाशिकचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण तो केला नव्हता, हे पुढे 1934 मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं. प्रश्न माणूस म्हणून हक्काचा होता. शिंगणापूरची याचिका करणाऱ्या विद्या बाळ यांचाही तोच होता. म्हणजे हक्क श्रद्धेतून येत नाही. मग या माणसांत आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत फरक कोणता? काळारामाच्या सत्याग्रहींनी रामनवमीला रथाजवळ दगड खाल्ले. विद्याताईंनी आपल्या नावाने न्यायालयात जबाबदारी घेतली, तिथे समोरचा वकील उलट प्रश्न विचारतो आणि कागदपत्रं दाखवावी लागतात. दगड सगळ्यांनी खावेत असं नाही. पण ज्याच्या बोलण्याला उलटतपासणीच नाही, त्याला आपल्या मताची खातरजमा करण्याचं कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे, आणि तो तर्कशास्त्राचा आहे. सांगणारा ढोंगी असला म्हणून सांगितलेलं खोटं ठरत नाही. स्त्रियांना मजारीपर्यंत जाऊ द्यावं, हे विधान कोणीही केलं तरी तेवढंच बरोबर. तर्क म्हणून हे निर्विवाद. पण धर्मातला वाद केवळ निष्कर्ष बरोबर आला म्हणून सुटत नाही. आतल्या माणसांनी बदल पत्करावा लागतो, आणि आतला माणूस बाहेरचा आवाज ऐकताना युक्तिवादाआधी हेतू ऐकतो. शाहबानोचं प्रकरण आठवावं. इंदूरची ही वृद्ध घटस्फोटिता महिना 179 रुपये 20 पैसे पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि एप्रिल 1985 मध्ये जिंकली. त्यानंतर देशभर जो गदारोळ झाला, त्यात पोटगी बाजूला पडून मुसलमान समाजाच्या मागासपणाचीच चर्चा जास्त झाली; दुसऱ्या बाजूला धर्म धोक्यात असल्याच्या आरोळ्या उठल्या. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत शाहबानोने जाहीरपणे तो निकालच नाकारला, आणि 1986 मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. मोठा दबाव तिच्या समाजातल्या धर्मगुरूंचा होता, हे खरंच. पण तिच्या बाजूने बोलणाऱ्यांतल्या अनेकांना तिच्यापेक्षा तिच्या समाजाला हिणवण्यात रस होता, हे त्या धर्मगुरूंच्या पथ्यावर पडलं. ज्याला आपण पाठिंबा म्हणतो तो त्या बाईच्या गळ्यातली धोंड होऊ शकतो, एवढं तरी लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवं.

याच्या उलट मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ज्या समाजावर टीका केली त्यातच ते राहिले, बहिष्कार सोसला, आणि टाळ्या वाजवायला आलेल्या हिंदूंनाही त्यांच्यातल्या जमातवादाबद्दल सुनवायला कचरले नाहीत. त्यामुळे ते दोन्हीकडे अडचणीचे ठरले. आज त्यांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत, पण बहुधा दलवाई दुसऱ्यांना काय म्हणाले तेवढंच उद्धृत होतं; आपल्याला काय म्हणाले ते पान उलटलं जातं.

फोनमुळे गावातल्या, खालच्या मानल्या गेलेल्या माणसाला बोलता आलं, हाही मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. तो माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या दाराबद्दल बोलत असतो, म्हणून त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

14 नोव्हेंबर 2019 ला शबरीमलाच्या पुनर्विचारावेळी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने एक गोष्ट केली, तिची चर्चा फारशी झाली नाही. शबरीमलाबरोबर मुसलमान स्त्रियांचा मशिदीतला प्रवेश, परधर्मात लग्न केलेल्या पारशी स्त्रीचा अग्यारीतला प्रवेश आणि दाऊदी बोहरा समाजातली मुलींच्या खतन्याची प्रथा, असे चार धर्मांच्या, पंथांच्या घरचे प्रश्न त्यांनी एका रांगेत मांडले. धर्मसंस्थांनी आपले नियम आपणच ठरवावेत असं कोणी चारही ठिकाणी म्हणत असेल, तर त्याच्याशी माझा मतभेद राहील. पण तो प्रामाणिक मतभेद असेल. न्यायालयाने चारही ठिकाणी हात घालावा म्हणणाऱ्याचंही तसंच. अग्यारी वेगळी आणि खतना वेगळा, असं कारणं देऊन सांगणाऱ्याचंही ऐकून घेता येईल, कारण देवळात शिरणं आणि लहान मुलीच्या शरीरावर शस्त्र चालवणं या खरोखरच एका तोलाच्या गोष्टी नाहीत. मात्र, पहिल्या प्रश्नावर पानभर लिहिणाऱ्याला उरलेले तीन प्रश्न विचारून पाहिले, की बहुतेक वेळा तो विचारणाऱ्यालाच विचारतो: तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?