शुश्रूषा करणाऱ्याचा देह

घरातील एकाला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा रोगी एकच असतो. परंतु त्या दिवसापासून घरात निरोगी असे फारसे कोणी उरत नाही. पतीच्या औषधांच्या वेळा मुखोद्गत असलेली पत्नी स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरते. मुलाची झोप उडते. वृद्ध आईच्या घशाखाली घास उतरत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आमच्या गोव्यातून वा बेळगावाहून तेथे जाणाऱ्या रोग्याबरोबर एखादा तरी सोबती असतोच. रोग्याच्या कागदपत्रांची चळत वाढत जाते. सोबत्याच्या प्रकृतीची विचारपूस मात्र क्वचितच होते.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. स्वीडनमध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कर्करोग्यांच्या पती-पत्नींमध्ये हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. त्यापूर्वी १९९९ साली अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो केवळ कर्करोगापुरता नव्हता. परावलंबी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांविषयी होता. ज्यांना सेवेचा ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतील मृत्यूचा धोका असा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होता. सेवा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात मात्र तशी वाढ दिसली नाही. तात्पर्य, माणसाला खचवते ती सेवा नव्हे. तिचा असह्य भार होय.

हा भार असह्य कोण करतो? आमचे उत्तर कटू आहे : पुष्कळदा आपणच. 'हिने नवऱ्यासाठी हाडांची काडे केली' असे आपण कौतुकाने म्हणतो आणि तेवढ्याने आपले देणे फिटले असे मानतो. परंतु स्तुती ही ऋणफेडीची पावती नव्हे. २००७ च्या कायद्याने वृद्ध आई-वडिलांचे पालनपोषण हे मुलांचे कर्तव्य ठरविले. न्यायालय वा न्यायाधिकरण पैसा देववू शकते. कोणाला एका रात्रीचे जागरण वाटून देऊ शकत नाही. कायद्याचा हात जेथे पोचत नाही, तेथेच धर्माचा प्रांत सुरू होतो.

येथे कोणी सावित्रीचा दाखला देईल. तो जरूर द्यावा, पण पुरता द्यावा. तिचे निराहार व्रत तीन रात्रींचे होते, तीन वर्षांचे नव्हे. तिने यमाला जिंकले ते देह झिजवून नव्हे, बुद्धी जागी ठेवून. आणि पतीचे प्राण मिळण्यापूर्वी तिने सासऱ्याची दृष्टी व राज्य, तसेच पित्याला पुत्र मागून घेतले. संकटाच्या घटकेलाही उरलेल्या घराचा तिला विसर पडला नाही. तिचे नाव घेऊन एखाद्या सुनेला किंवा लेकीला एकटी झिजू देणे, हा त्या कथेवर अन्याय आहे.

आपल्या देवळांतून भजनी सप्ताह होतो. नामाचा गजर अखंड चालतो, पण तो कोणा एकाच्या कंठाने नव्हे. पाळीपाळीने माणसे बसतात आणि उठतात. जो विसाव्यासाठी उठला, त्याची भक्ती उणी असे कोणी म्हणत नाही. हीच रीत रोग्याच्या खोलीत का नसावी? एका घरातून जेवणाचा डबा जावा, दुसऱ्यातून रात्रीचा सोबती. आणि एकाने तरी, रोग्याची विचारपूस झाल्यावर, शुश्रूषा करणाऱ्यालाच वैद्याकडे न्यावे.

शुश्रूषा करणाऱ्याने चार तास झोपणे हा स्वार्थ नाही. तो तिला निश्चिंतपणे झोपता यावे एवढी सोय न करणे, हा मात्र आपणा सर्वांचा कर्तव्यलोप आहे.