बुद्धीची वाढ आणि विवेकाचा प्रश्न

माणसाहून श्रेष्ठ अशी बुद्धी अस्तित्वात आली, तर ती माणसाहून अधिक सज्जनही असेल काय? विज्ञानकथेने उपस्थित केलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत मूलगामी प्रश्न म्हणावा लागेल. यंत्रे आपल्या निर्मात्यावर उलटतील ही भीती त्या मानाने जुनी आणि सोपी आहे. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या चेक नाटकाने 'रोबो' हा शब्द जगाला दिला. त्या शब्दाच्या मुळाशी वेठीच्या श्रमाचा अर्थ आहे. तेथे बंड आहे ते राबणाऱ्यांचे, आणि बंडाची भाषा माणसाला कळते. परंतु जिचे हेतूच आकलनाच्या पलीकडचे आहेत, अशा बुद्धीचा नैतिक विचार कोणत्या भाषेत करावयाचा?

आय. जे. गुड या ब्रिटिश गणितज्ञाने १९६५ साली या विचाराला तर्कशुद्ध रूप दिले. यंत्राची रचना करणे हेही बौद्धिक कार्यच आहे. तेव्हा प्रत्येक बौद्धिक कार्यात माणसाला मागे टाकणारे यंत्र आपल्याहून सरस यंत्र घडवील, ते त्याहून सरस घडवील, आणि माणसाला स्वतः आणखी कोणता शोध लावण्याची गरजच उरणार नाही. मात्र त्या यंत्राने स्वतःला ताब्यात कसे ठेवावे हे माणसाला सांगितले पाहिजे, अशी अट गुड यांनी घातली होती. सारा नैतिक पेच या अटीत सामावलेला आहे.

अमेरिकन गणितज्ञ आणि कादंबरीकार व्हर्नर विंज यांनी १९९३ साली 'नासा'च्या साहाय्याने भरलेल्या एका परिसंवादात हाच विचार 'सिंग्युलॅरिटी' या संज्ञेखाली मांडला. तीस वर्षांच्या आत अतिमानवी बुद्धी निर्माण करण्याची साधने हाती येतील, असे त्यांचे भाकीत होते. ती मुदत २०२३ साली सरली आणि २०२४ साली विंजही निवर्तले. पण या विचाराचे मोल तारखेवर अवलंबून नाही. विंज यांना तो लेखक म्हणून आलेल्या अडचणीतून सुचला होता. बुद्धी वाढविलेल्या चिंपांझीची कथा त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. पुढे तसाच प्रयोग माणसावर झाल्याची कथा लिहू जाता, ही कथा कोणालाही लिहिता येणार नाही, असे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी त्यांना कळविले. आपल्याहून थोर बुद्धीचे पात्र लेखक आतून रंगवू शकत नाही. साहित्याची ही मर्यादा वरकरणी तंत्राची वाटते. वस्तुतः ती नीतिविचाराचीही मर्यादा आहे.

या मर्यादेच्या अलीकडे उभे राहून डॅनिएल कीज यांनी 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही कथा १९५९ साली लिहिली आणि १९६६ साली तिची कादंबरी केली. मंदबुद्धी चार्ली गॉर्डन शस्त्रक्रियेने प्रज्ञावंत होतो. एका उपाहारगृहात भांडी फोडणाऱ्या मंद मुलाला लोक हसतात आणि क्षणभर चार्लीही त्या हसण्यात सामील होतो. मग आपणही कधी काळी असेच होतो हे त्याला उमगते आणि तो संतापाने उठतो. येथे करुणा जागी झाली ती बुद्धीमुळे नव्हे. ती उणेपणाच्या स्मृतीतून आली. बुद्धी तर हसणाऱ्यांच्या बाजूला होती. मग जिला उणेपणाची आठवणच नाही, अशा बुद्धीत करुणा कोठून यावी?

पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांचे उत्तर अधिक कठोर आहे. त्यांचा 'गोलेम चौदावा' हा अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार झालेला संगणक युद्धनीतीत रस घेण्याचे नाकारतो, विद्वानांना व्याख्याने देतो आणि अखेर मौन धारण करतो. तो क्रूर नाही. माणसाविषयी त्याला द्वेष नाही, तसा जिव्हाळाही नाही. शत्रूशी निदान काही नाते असते. उदासीनाशी तेवढेही नसते.

या पार्श्वभूमीवर विंज यांची १९८६ सालची 'मरून्ड इन रिअलटाइम' ही कादंबरी विशेष लक्षणीय ठरते. काळ गोठविणाऱ्या कोशांत बंद असलेली काही माणसे बाहेर येतात, तेव्हा तेविसाव्या शतकातच मानवजात पृथ्वीवरून नाहीशी झालेली असते. ती उन्नत झाली की नष्ट झाली, हे लेखक सांगत नाही. कथा फिरते ती मार्टा कोरोलेव्ह या एका स्त्रीभोवती. सोबती कोशात असताना तिला हेतुपुरस्सर बाहेर ठेवले जाते, आणि सुमारे चाळीस वर्षे निर्मनुष्य पृथ्वीवर एकटीने काढून, रोजनिशी मागे ठेवून ती मरते. शोध चालतो तो तिच्या मारेकऱ्याचा. अवघी मानवजात कोठे गेली हे कळत नसतानाही, या एका स्त्रीवर अन्याय कोणी केला हा प्रश्न निरर्थक ठरत नाही.

तथापि विंज यांच्याच निबंधात याला छेद देणारे एक विधान आहे. सर्व शासनांनी धोका ओळखला तरी ही वाटचाल थांबणार नाही. कारण एकाने मनाई केली तर दुसरा पुढे जाईल, असे ते म्हणतात. स्पर्धेचे निरीक्षण म्हणून हे खरे असेल. परंतु 'आम्ही न केले तर दुसरा करील' हे वाक्य कृतीचे कारण सांगते, समर्थन करीत नाही. कोणत्याही सावकाराला किंवा शस्त्रविक्रेत्याला ते तितक्याच सहजतेने उच्चारता येईल. अपरिहार्यतेची भाषा भविष्याविषयी बोलत असल्याचा आभास निर्माण करते आणि वर्तमानातील कर्त्याला अदृश्य करते. मूळ अटी ठरविण्याचे स्वातंत्र्य आरंभ करणाऱ्यांना असते, हे विंज यांनीही मान्य केले होते. जेथे स्वातंत्र्य आहे तेथे उत्तरदायित्व आहेच.

बुद्धी आणि विवेक हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत, ते उगीच नव्हे. बुद्धी साध्य कसे गाठावे ते सांगते. ते गाठावे की नाही हे विवेक विचारतो. बुद्धी कितीही पटींनी वाढली तरी तिचा गुणाकार विवेक होत नाही. अतिमानवी बुद्धी सज्जन असेल काय, याचे उत्तर विज्ञानकथा देऊ शकत नाही. ती एवढेच दाखवून देते, की तो प्रश्न यंत्राला विचारण्यापूर्वी यंत्र घडविणाऱ्याला विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर देण्यास कोणत्याही अतिमानवी बुद्धीची आवश्यकता नसते.